उधारीचा आवाज लावू नकोस

प्रिय पोरी,

"रविवारची पहाट मामांच्या कबुतरांत जाते, आवाजाचं एडिटिंग शिकायला वेळच उरत नाही, कबुतरं लांब नेऊन सोडायला जाणं बंद करू का?" असं विचारतेस. वाचून चिडलोच मी. अगं, तिथेच तर तुझं शिक्षण चाललंय!

सोबतचा तुकडा ऐकला. पंखांची फडफड नेटवरून उतरवलीस ना? लगेच कळतं. कबुतरांच्या क्रेटची फळी पडल्याचा खट्ट आधी येतो, मग पहिल्या पंखांच्या टाळ्या एकमेकींवर आपटतात, थवा डोक्यावरून एक घिरटी मारतो आणि मागे नुसता हायवे उरतो. तुझ्या फाईलमध्ये कुठल्याशा बागेतलं एकच कबुतर उडतंय, आणि त्याच्यामागे खेड शिवापूरचे ट्रक! उधारीचा आवाज लावू नकोस.

फेड म्हणजे आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं, क्रॉसफेड म्हणजे एक आवाज दुसऱ्यात विरवणं, ८० हर्ट्झखालची खर्जातली घरघर काढणं, हे ऑडॅसिटी या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर बसून येईल. नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट पुसणं, मात्र जपून. जास्त ओढलंस तर कबुतरांचं घुमणं पाण्याखालून आल्यागत होतं. पण फळी उघडायच्या आधी रेकॉर्डिंगची लेव्हल लावायची, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कसं कळणार? हळू घुमण्याच्या मापाने गेन, म्हणजे माइकचा आवाज, वाढवून ठेवलास तर फडफड फाटलीच म्हणून समज. रेकॉर्डिंग २४ बिटवर घे, लेव्हलच्या वर भरपूर जागा सोड, आवाज घरी येऊन वाढव. माइकला केसाळ टोपी घाल. पाखरं दिसेनाशी झाली आणि मामा "चला" म्हणाले, तरी हलायचं नाही. मिनिटभर त्या मोकळ्या जागेचा आवाज घ्यायचा. जोड लपवायला पुढे तोच लागतो, आणि तो दुसऱ्या कुणाकडून मागून मिळत नाही.

ओडिशा पोलिसांच्या निरोप नेणाऱ्या कबुतर सेवेवर भाग करायचाय म्हणतेस, जरूर कर. १९४६ला सुरू झाली, २००८पर्यंत चालली, हे कुणीही सांगेल. होमर, म्हणजे निरोपाचं कबुतर, सहसा परततो तो आपल्याच ढाबळीकडे. म्हणजे आडबाजूच्या ठाण्यातून निरोप यायचा, तर आधी कुणीतरी पाखरू तिथवर वाहून न्यायला हवं. त्या शिपायाबद्दल तू नीट बोलशील, कारण क्रेट तूही उचलतेस. नुसतं वाचून बोलणाऱ्याला तो दिसतही नाही.

आमच्या वेळी पाव इंची टेप, ती कापायला ब्लेड आणि खुणेला पिवळी पेन्सिल. वरचे म्हणायचे, पाऊस तो पाऊस, लायब्ररीतला लावा. मी नाही लावला. पत्र्यावरचा आणि कौलावरचा पाऊस एक कसा असेल? हट्टी म्हणून कामं गेली, बढती लांबली. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? त्याहून जास्त वाईट वाटतं ते टेपांचं. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायचे. माझे कितीतरी पाऊस त्यात गेले. तरी आज विचारशील तर तेच सांगेन: उधारीचा आवाज लावू नकोस. तुझ्याकडे तर पुसायचीही सक्ती नाही, कार्डं स्वस्त झालीत.

ती डाउनलोड केलेली फाईल आजच काढून टाक. वाद घालू नकोस. रविवारी किती वाजता निघायचं ते मामांना विचारून कळव. माझा जुना हेडफोन आणि सेल मी घेऊन येतो. धुकं असेल तर मामा सोडणार नाहीत, तेव्हा शनिवारी रात्री एक फोन कर.

तुझा,
काका