आजीची ‘कापडं’ आणि शाळेतले ‘कपडे’

जिंतूरकडच्या एका मुलीने विचारलंय, ‘आजी म्हणते कापडं वाळू घाल. शाळेत सांगतात, कपडे म्हणा. आजीचं चुकतं का? आणि कापतात म्हणून कापड, हे खरं का?’

आजीचं काहीच चुकत नाही. संस्कृतात कर्पट म्हणजे चिंधी, ठिगळं लावलेलं जुनेर. प्राकृतात त्याचं कप्पड झालं. मराठीने जोडाक्षर सोडवलं, आधीचा स्वर लांबवला आणि झालं कापड. कर्म-कम्म-काम, सप्त-सत्त-सात, हस्त-हत्थ-हात ही सगळी याच वाटेने आली. कर्पासाचा कापूसही. ‘कपडा’ त्याच कप्पडचा, हिंदीतही तोच आहे. पण स्वर लांबवल्याची खूण आजीच्या शब्दावर आहे, म्हणून त्याला गावंढळ म्हटलेलं मला सोसत नाही.

कापणं मात्र वेगळ्या घरचं. ते ‘कल्प्’ धातूवरून आलं. प्राकृतात दोन्हीकडे ‘कप्प’ आलं, म्हणून ती सख्खी वाटतात एवढंच.

छापील मराठीने पुढे वाटणी केली: ताग्यातलं, मीटरवर मोजायचं ते कापड आणि शिवलेले ते कपडे. आपल्या खेड्यांत ही वाटणी कुणी मनावर घेत नाही. बाया कापडं धुतात, आणि बस्ता बांधायला गेलं की मानपानाची कापडंच घेतात. गंमत एकवचनात आहे. ‘कपडे’ म्हटलं की अंगावरचे, पण ‘गाडी पुसायला कपडा दे’ म्हटलं की हातात फडकंच येतं. कर्पटाची चिंधी तिथे अजून जिवंत आहे!

आणि मराठवाड्याला कापड काही नवं नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून साधं कापड आणि मलमल भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. तिथे पैठणचं नाव येतं ते गोमेद दगडासाठी. पैठणीचा तिथे उल्लेख नाही.

आजीकडे वाकळ असेल, तर तिचाही शब्द बघ. वल्कल म्हणजे झाडाची साल, ऋषिमुनींचं नेसणं. त्याचं प्राकृतात वक्कल झालं आणि मराठीत वाकळ. सालीचं नाव जुन्या लुगड्यांच्या थरांवर आलं, आणि पांघरूण झालं.