वाचकांचे प्रश्न : ढगळ टी-शर्ट आणि मापाचा शर्ट

प्रश्न : माझे वय २४ असून चार महिन्यांपूर्वी मी पुण्यात नोकरीला लागलो. कॉलेजपासून मी ढगळ टी-शर्ट, कार्गो पॅन्ट आणि स्नीकर्स एवढेच वापरत आलो आहे. आता महिन्यातून तीन-चार वेळा ग्राहकांकडे बैठकीला जावे लागते. त्यासाठी घेतलेले तयार शर्ट-पॅन्ट घातले, की कोणाचे तरी कपडे मागून आणल्यासारखे वाटत राहते. माझी आवड मला सोडावी लागेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आवड सोडण्याची मुळीच गरज नाही. कपडे परके वाटण्याचे कारण बहुतेक वेळा त्यांच्या प्रकारात नसून मापात असते आणि तुमच्याबाबतीतही मला तीच शंका येते. तो शर्ट घालून आरशासमोर उभे राहा आणि खांद्यावरची शिवण पाहा. खांद्याचे हाड जिथे संपते तिथेच ती यायला हवी. ती दंडावर उतरली असेल, तर बाहीही लांब पडते, छातीवर चुण्या येतात आणि माणूस अवघडून बसतो.

आश्चर्य वाटेल, पण तुमचा आवडता ढगळ टी-शर्टही मापाचाच असतो. तो बेततानाच खांदा मुद्दाम खाली उतरवलेला असतो आणि अंगात घेर दिलेला असतो. गळा मात्र तुमच्याच मापाचा ठेवलेला असतो. म्हणूनच साधा टी-शर्ट दोन मापे मोठा घेतला, तर गळा लोंबतो आणि तो ऐटबाज न दिसता उसना दिसतो. तुम्हाला जो मोकळेपणा हवा आहे, तो असा बेतातून येतो आणि बैठकीच्या कपड्यांतही तो मिळू शकतो. घोट्याशी आवळणाऱ्या पॅन्टऐवजी कमरेला चुण्या असलेली, सरळ पायांची, गडद निळी किंवा राखाडी पॅन्ट घ्या. कार्गोची सवय असलेल्या पायांना ती परकी वाटणार नाही.

तयार शर्ट विकत घेताना आधी तो उलटा करून बगलेखालची शिवण पाहावी, असा माझा आग्रह असतो. तिथे शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेले जास्तीचे कापड, जेमतेम असते, त्यामुळे असा शर्ट बाजूंनी आत घेता येतो, बाही आखूड करता येते, परंतु तो सैल करता येत नाही. खांदा दुरुस्त करायचा, तर अख्खी बाही उसवून पुन्हा बसवावी लागते आणि ते काम क्वचितच नीट साधते. तेव्हा खांद्याला अचूक बसणारा शर्ट घ्यावा आणि उरलेले शिंप्यावर सोपवावे. त्याहून चांगले म्हणजे एक शर्ट शिवूनच घ्या. ५८ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) साधारण १.६ मीटर कापड पूर्ण बाहीच्या शर्टाला पुरते. माप देताना श्वास रोखून ताठ उभे राहू नका. नेहमी जसे उभे राहता तसेच राहा. पॅन्टही शिवणार असाल, तर कमरेला मागच्या शिवणीत माया जास्त ठेवायला सांगा.

कापड शक्यतो सुती असावे. पॉलिस्टरमिश्रित कापडाला इस्त्री टिकते हे खरे, पण दुचाकीवरून घामाघूम होऊन बैठकीला पोहोचल्यावर त्याचा त्रास कळतो. एरवी ऑफिसात जाड, एकरंगी टी-शर्टावर पुढून उघडा शर्ट घालायला काहीच हरकत नाही. पांढरे स्नीकर्सही चालतील, मात्र ते स्वच्छ हवेत. बैठकीसाठी चामड्याचा काळा किंवा तपकिरी बूट ठेवा.

प्रश्न : जीन्स आणि कुर्त्यावर कोल्हापुरी चप्पल ऑफिसला चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अवश्य चालेल. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेच्या क्षेत्रात तुमचा सांगली जिल्हाही येतो, त्यामुळे खात्रीची जोडी तुम्हाला घराजवळच मिळेल. ऑफिससाठी करकर न वाजणारी, साध्या पट्ट्याची निवडा. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते, म्हणून पट्ट्यांना आतून थोडे तेल चोळून ती आधी घरातच वापरा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले हे चामडे पाण्याने फुगते, तेव्हा पावसाळ्यात ती कपाटातच राहू द्या.