वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन सर्वेक्षणाचं ॲप बांधताना

प्रश्न : शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही चौघी ऑनलाइन सर्वेक्षणाचं वेब ॲप करतोय, पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून. प्रत्येक सर्वेक्षणाला वेगळं टेबल आणि प्रत्येक प्रश्नाला एक कॉलम अशी रचना केली होती. मार्गदर्शक ती बदला म्हणतात. का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : त्यांचं ऐका. तुमच्या रचनेत नवा प्रश्न आला की टेबलच बदलावं लागतं. शिवाय ‘लागू असतील ते सर्व निवडा’ अशा प्रश्नाची उत्तरं एकाच कॉलममध्ये स्वल्पविराम देऊन कोंबावी लागतात. मग ‘बस’ किती जणांनी निवडली हे शोधायला गेलात की ‘मिनीबस’ही मोजली जाते.

सहा टेबलं पुरतात : सर्वेक्षण, आवृत्ती, प्रश्न, पर्याय, प्रतिसाद, उत्तर. एकाने एकदा भरलेला फॉर्म ही प्रतिसादाची एक ओळ. त्याने निवडलेला प्रत्येक पर्याय ही उत्तराची एक ओळ, म्हणजे तीन खुणा केल्या तर तीन ओळी. उत्तरात पर्यायाचा आयडी ठेवा, मजकूर नको. लिहून दिलेल्या उत्तरांसाठी वेगळा कॉलम करा. कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये एका अक्षरचिन्हाला तीनच बाइट मिळतात. देवनागरी त्यात बसते, म्हणून चाचणीत सगळं सुरळीत दिसतं. पण कुणी इमोजी टाकला की त्याला चार बाइट लागतात आणि ते उत्तर अडतं किंवा तुटतं.

आवृत्तीचं टेबल अनावश्यक वाटेल, पण ते गाळू नका. समजा प्रश्न होता, ‘तुमच्याकडे नळाला रोज पाणी येतं का?’ चाळीस उत्तरं आली आणि मग कुणीतरी तो ‘दिवसाआड पाणी येतं का?’ असा दुरुस्त केला. आधीचे ‘हो’ आणि नंतरचे ‘हो’ आता एकाच बेरजेत बसले, आणि ते वेगळे करायला काही मार्ग उरला नाही. म्हणून सर्वेक्षण प्रकाशित झालं की त्या आवृत्तीचे प्रश्न आणि पर्याय गोठवा. बदल हवा असेल तर प्रत काढून आवृत्ती २ करा आणि प्रत्येक प्रतिसादावर आवृत्तीचा आयडी नोंदवा. शुद्धलेखनाची चूक असली तरी हाच नियम ठेवा. कुठली दुरुस्ती किरकोळ आणि कुठली अर्थ बदलणारी, हे ॲपला कळत नाही.

प्रश्न ३ ला ‘नाही’ म्हटलं तर थेट प्रश्न ७ वर जा, अशी उडी ठेवणार असाल तर तिथेही जपा. माणूस आधी ‘हो’ म्हणतो, ४ ते ६ भरतो, मागे येतो आणि ‘नाही’ करतो. भरलेली उत्तरं ब्राउझरमध्ये तशीच राहतात आणि फॉर्मबरोबर येतात. शेवटच्या उत्तरांप्रमाणे कुठले प्रश्न लागू होतात हे सर्व्हरवर पुन्हा तपासा आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं टाकून द्या. ‘विचारलाच नाही’ आणि ‘विचारला पण सोडला’ यांची नोंदही वेगळी हवी. २०० प्रतिसादांत एखादा प्रश्न ८० जणांनाच दिसला आणि ४० जण ‘हो’ म्हणाले, तर २० टक्के आणि ५० टक्के ही दोन्ही उत्तरं निघतात. अहवालात किती जणांपैकी हे छापलंच पाहिजे.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सभासदांसाठी असं ॲप करून घेतलंय. काहींची उत्तरं दोनदा आली आहेत. आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) अडवावं का? नावं मात्र गुप्त राहायला हवीत.
– एक कार्यवाह, चिपळूण

उत्तर : आयपीवरून नको. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतात. एकाने भरलं की बाकीचे विनाकारण अडतील.

प्रत्येक सभासदाला वेगळी लिंक द्या, तिच्यात किमान १६ बाइटचं यादृच्छिक टोकन, म्हणजे अंदाज न करता येणारा संकेत. ‘पाठवा’ दाबल्यावर ‘न वापरलेलं असेल तरच वापरलेलं कर’ अशी डेटाबेस बदलणारी एकच आज्ञा (अपडेट) टोकनांच्या टेबलवर चालवा. शून्य ओळी बदलल्या, म्हणजे टोकन आधीच वापरलेलं असेल, तर फॉर्म नाकारा. हा अपडेट आणि उत्तरांची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही अशी, हवी. बटण दोनदा दाबल्यामुळे होणारी दुहेरी नोंदही यानेच थांबते. लिंक नुसती उघडल्यावर टोकन बाद करू नका : व्हॉट्सॲपवर पूर्वदृश्य दाखवण्यासाठी ती माणसाच्या आधीच उघडली जाते.

गुप्ततेसाठी प्रतिसादाच्या ओळीत टोकन लिहू नका. एवढ्यावर भागत नाही, कारण टोकन आणि प्रतिसाद या दोन्ही टेबलांत वेळ असेल तर सेकंद जुळवून नाव काढता येतं. टोकनसमोर फक्त ‘वापरलं’ लिहा, प्रतिसादावर फक्त तारीख ठेवा आणि त्याचा आयडी चढत्या क्रमाचा न ठेवता यादृच्छिक द्या. सर्व्हरच्या लॉगमध्येही (आपोआप होणाऱ्या नोंदवहीत) लिंक वेळेसकट उमटते, तिथून टोकन वगळायला सांगा. बालविभागातल्या मुलांची नावं घेणार असाल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तींसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. नावं नकोच असतील तर ती विचारूच नका.

प्रश्न : सर्वेक्षणाच्या ॲपमधून उत्तरांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुराची) फाइल काढून एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. डेटा खराब झाला का?
– एक शिक्षक, बेळगाव

उत्तर : बहुधा नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. मराठी नीट दिसली तर डेटा शाबूत आहे. फाइल यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) आहे हे एक्सेलला कळलेलं नाही. ॲप बनवणाऱ्याला सांगा की फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे यूटीएफ-८ची खूण असलेले, तीन बाइट लिहा. तोवर एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून फाइल आयात करा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. आणखी एक दुरुस्ती त्याच वेळी करून घ्या : ज्या उत्तराची सुरुवात =, +, - किंवा @ ने होते, ते एक्सेल सूत्र समजू शकतं. खोडसाळपणे लिहिलेलं सूत्र फाइल उघडणाऱ्याच्या संगणकावर चालू नये, म्हणून अशा उत्तराआधी एकेरी अवतरणचिन्ह जोडायला लावा.