ज्येष्ठ रुग्ण आणि प्रशिक्षणाचे व्हिडिओ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी परळला नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवते. वृद्ध रुग्णांबद्दलचे पूर्वग्रह कमी व्हावेत म्हणून व्हिडिओ दाखवायचं ठरतंय. पाच-सात मिनिटांत खरंच फरक पडतो का?

पडतो, पण नुसता व्हिडिओ लावून तास संपवला तर फार टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या अहवालात वयावरून होणारा भेदभाव कमी करण्याचे तीन मार्ग आहेत : कायदे-धोरणं, शिक्षण आणि दोन पिढ्यांचा प्रत्यक्ष संपर्क. 2019मध्ये 63 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही शिक्षणाला ज्येष्ठांच्या सहवासाची जोड मिळाली, तिथे दृष्टिकोन सर्वांत जास्त बदललेला दिसला. म्हणून व्हिडिओनंतर चर्चा ठेवाच, आणि त्याच आठवड्यात मुलींना जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात न्या. वॉर्डात त्यांना फक्त आजारी म्हातारपण दिसतं. संघाचे हिशेब चोख ठेवणारे ऐंशीचे काकाही त्यांना भेटायला हवेत.

प्रश्न : व्हिडिओत नेमकं काय असावं? (नर्स, मुलुंड)

उपदेश अजिबात नको. एकच प्रसंग दोनदा दाखवा. 78 वर्षांच्या आजींना मुलगा कॅज्युअल्टीत आणतो. दोन दिवसांपासून त्या असंबद्ध बोलतायत, मधेच गुंगीत जातात. पहिल्यांदा डॉक्टर म्हणतात, “वय झालंय, चालायचंच.” दुसऱ्यांदा तेच डॉक्टर विचारतात, “गेल्या आठवड्यात कशा होत्या?” मुलगा सांगतो, “एकट्या भाजी आणायला जायच्या.” इथे व्हिडिओ थांबवा आणि वर्गाला विचारा, आता काय तपासाल?

अचानक उडालेला असा गोंधळ म्हणजे बहुधा डिलिरियम. त्यामागे लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो, रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं, लघवी तुंबलेली असू शकते किंवा झोपेची नवी गोळी सुरू झालेली असू शकते. वेळेत कळलं तर यातल्या बऱ्याच कारणांवर उपचार आहेत; उशीर झाला तर जिवावर बेततं. आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे सगळे धावतात. गप्प पडून राहणाऱ्या आजी मात्र नजरेतून सुटून जातात, म्हणून व्हिडिओतल्या आजी शांतच असाव्यात असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : मी 74 वर्षांचा, गिरगावात राहतो. डॉक्टर माझ्याऐवजी सुनेशीच बोलतात.

काका, तुम्हाला वाईट वाटणं रास्त आहे. तुम्हाला सगळं समजतंय, तेव्हा उपचारांना संमती तुमचीच लागते. पुढच्या वेळी सुरुवातीलाच सांगा, “डॉक्टर, मला सांगा, सूनबाई ऐकतील.” कमी ऐकू येत असेल तर तेही सांगा, समोर बसून सावकाश बोललेलं ओरडण्यापेक्षा नीट समजतं. आणि तुमची तयारी असेल तर परळच्या बाईंच्या व्हिडिओत हे तुम्हीच बोला. तुमच्या तोंडून ते मुलींच्या मनाला भिडेल.

प्रश्न : ओपीडीत एवढी गर्दी असते, वेळ कुठून आणू? (निवासी डॉक्टर)

गर्दी खरी आहे, तुमची दमणूकही खरी आहे. तरी दोन गोष्टी करा. “सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?” हे रुग्णालाच विचारा. मग त्यांची गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करा. रक्तदाबाचं एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी सुरू असतं आणि त्या दुहेरी गोळ्यांनी येणारी चक्कर वयाच्या खात्यावर टाकली जाते.