भुताखुनाच्या गोष्टींवर लिहून पोट भरेल का?

सुदामानगर, इंदूरहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी 19 वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. रात्र रात्र खुनाच्या मालिका आणि भुताचे सिनेमे बघते, वाचनालयातून आणते तीही तसलीच पुस्तकं, आणि त्यांच्यावर वहीत पानंच्या पानं लिहिते. भंवरकुआँच्या एका कोचिंगमध्ये पीएससीसाठी, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी, तिचं नाव घालायचं ठरलं, तेव्हा म्हणाली, ‘मला समीक्षक व्हायचंय.’ तेव्हापासून वडील तिच्याशी धड बोलत नाहीत. आईनं वहीतल्या दोन लेखांची झेरॉक्स जोडली आहे आणि शेवटी दोन प्रश्न विचारले आहेत: हिच्या डोक्यावर परिणाम तर होत नाहीये ना? आणि यात पोट भरेल का?

ताई, स.न.वि.वि.

तुमचं पत्र बाजूला ठेवून मी आधी झेरॉक्स वाचली. पहिला लेख कच्चा आहे. सव्वादोन पानं नुसती गोष्ट सांगितली आहे, कोण कुठे गेलं, कुणाला काय सापडलं, आणि शेवटी ‘एकदम मस्त, नक्की बघा’. असं लिहिणारी मुलं मला दर महिन्याला भेटतात. दुसऱ्या लेखात मात्र एका जागी मी थांबले. तिनं लिहिलंय: ‘रिकामा पाळणा हलायला लागतो तेव्हा मला भीती वाटली नाही. आई दार उघडून आत येते, पाळण्याजवळून जाते आणि त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, तेव्हा वाटली.’

हे वाक्य मी दोनतीनदा वाचलं. इतर जण ज्या क्षणाला तोंडावर पांघरूण ओढतात, त्या क्षणाला तुमची लेक स्वतःकडे लक्ष ठेवून होती, आपण नेमकं कशानं दचकलो ते शोधत होती. दिग्दर्शकानं भीती पाळण्यात ठेवलेली नाही, ती आईच्या न बघण्यात ठेवली आहे, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. ते तिचं तिला दिसलं. मी 20 वर्षं मुलांची लिखाणं वाचते आहे. ही नजर शिकवून येत नाही. बाकीचं, म्हणजे वाक्यं घासणं, गोष्ट आवरणं, वेळेत लिहून देणं, हे सगळं शिकवता येतं.

डोक्यावर परिणाम होत नाहीये. आपल्याकडे या गोष्टी वाचणं काही नवं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या कुणी वाचल्या? आपल्याच आजोबांनी, मामांनी, शेजारच्या पोस्टमास्तरांनी. नारायण धारप (1925–2008) वाचून आपण रात्री पाण्याला उठायला घाबरत होतो, तरी शाळेत पास होतच होतो. फरक एवढाच की तेव्हा पुस्तक संपलं की दिवा मालवला जायचा, आता एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. म्हणून एक अट जरूर घाला: लिहायचं असेल ते दिवसा बघायचं, रविवारी दुपारी, खोलीचं दार उघडं ठेवून. समीक्षकाला तसंही दुपारीच बघावं लागतं. आणि झोप, जेवण, कॉलेज यातलं काही सलग दोनतीन आठवडे बिघडलेलं दिसलं, तर माझ्याकडे न येता तिला डॉक्टरांकडे न्या. तुमच्या पत्रावरून तरी मला तसं काही दिसत नाही. ती वेळेवर कॉलेजला जाते, घरात हसते-बोलते, फक्त दिवा लावून झोपते. झोपू दे.

आता कामाबद्दल. या प्रकारच्या कथांवर लिहिणं इतर कशावरही लिहिण्यापेक्षा अवघड आहे, आणि तिला ते अजून कळलेलं नाही. मी लहान असताना आमच्या गल्लीत एक छोटं वाचनालय होतं. तिथून आणलेल्या एका रहस्यकादंबरीच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘खुनी डॉक्टर आहे’. मी ते खोडरबरानं खोडलं, तरी कागदावर खळगे उरलेच होते. पुस्तक पुरं वाचलं, पण एकही पान मला माझं म्हणून मिळालं नाही. ती चिडचिड आजही आठवते. तुमच्या लेकीनं पहिल्या लेखात नेमकं हेच केलं आहे. पाचव्या ओळीत तिनं सांगून टाकलं की थोरली बहीण जिवंत नाही. तिच्या हातात पेन्सिल आहे, ताई, आणि समोर दुसऱ्याच्या पुस्तकाचं पहिलं पान आहे.

लंडनला अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक 1952 मध्ये सुरू झालं. प्रयोग संपला की शेवट बाहेर कुणाला सांगू नका अशी विनंती प्रेक्षकांना करतात, आणि इतक्या वर्षांत लोकांनी ती बऱ्यापैकी पाळली आहे. समीक्षकावर ही जबाबदारी प्रेक्षकापेक्षा जास्त असते. मग लिहायचं काय? थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक यानं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत एक उदाहरण दिलं होतं. टेबलाशी माणसं गप्पा मारताहेत आणि अचानक खालचा बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक 15 सेकंद हादरतो. पण तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, भिंतीवर घड्याळ दाखवलं, आणि गप्पा तशाच चालू ठेवल्या, तर तो 15 मिनिटं अस्वस्थ बसतो. पहिला धक्का, दुसरी हुरहुर. तिला सांगा, पुढचा सिनेमा बघताना वहीत एवढंच टिपायचं: कोणत्या मिनिटाला धक्का होता, कोणत्या मिनिटाला हुरहुर, आणि प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त ठाऊक होतं की कमी. मग तोच प्रसंग आवाज बंद करून बघायचा. निम्मी भीती आवाजातच असते; आवाज काढल्यावरही जी उरते, ती लेखक-दिग्दर्शकाची खरी कमाई. शेवट न सांगता यावर चारशे शब्द सहज लिहिता येतात.

पुस्तकाला आवाज नसतो, तिथे दुसरं बघावं लागतं. रहस्यकथेत लेखकानं वाचकाशी न्यायानं वागणं हा जुना संकेत आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्यानं 1929 मध्ये त्याचे दहा नियमच लिहिले: गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच दिसायला हवा, गुप्त भुयार एकापेक्षा जास्त नको, हेराला सापडलेला धागा वाचकालाही दिसायला हवा, वगैरे. हे नियम मोडून उत्तम पुस्तकं लिहिली गेली आहेत, पण कुठे मोडला आणि का, हे समीक्षकाला दिसलं पाहिजे. भयकथेचा हिशेब वेगळा. धारपांच्या बऱ्याच कथांत वाईट शक्ती बाहेरून येते, तिला नावगाव असतं, आणि तिच्याशी लढणारा कुणी जाणकार असतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत पुष्कळदा बाहेरून कुणी येतच नाही. साध्या मध्यमवर्गी माणसाच्या मनात काहीतरी सरकतं आणि तिथूनच सगळं सुरू होतं. दोघांची एकेक कथा शेजारी ठेवून तिला लिहायला लावा. मराठीत अर्नाळकर-धारपांना लाखो वाचक मिळाले, पण त्यांच्याबद्दल गंभीरपणे लिहिणारे फार थोडे. हे मला मनापासून खुपतं, आणि तुमच्या लेकीचा लेख वाचताना माझ्या डोक्यात सारखं तेच होतं.

तुम्ही लिहिलंय, ‘इंदुरात बसून कोण समीक्षक होतं?’ ताई, जयप्रकाश चौकसे इंदुरातच राहत होते. ‘परदे के पीछे’ हे त्यांचं सिनेमावरचं सदर हिंदी दैनिकात 26 वर्षं रोज छापून येत होतं, मार्च 2022 मध्ये ते गेले त्याच्या थोडेच दिवस आधीपर्यंत. तुमच्याकडेही कुणी सकाळी पोह्यांबरोबर ते वाचत असेलच. आणि हेही लक्षात घ्या की ते चित्रपट-वितरणाच्या व्यवसायातही होते. निव्वळ सदरावर त्यांचं घर चालत नव्हतं.

आपल्या मुलांकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि आपण तिची किंमत करत नाही. तुमची लेक घरात मराठी बोलते, बाहेर हिंदी, कॉलेजात इंग्रजी वाचते. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर बसतो, हे तुम्ही तिला लहानपणी सांगितलं असेल. मुंबईत इंग्रजीत लिहिणाऱ्या कित्येकांना ते कुणाला तरी विचारून घ्यावं लागतं. ‘तुंबाड’ हा हिंदी सिनेमा 2018 मध्ये आला. त्याचं नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं, आणि त्याचं बीज दिग्दर्शक राही बर्वे यांना मित्रानं सांगितलेल्या धारपांच्या कथेत. तेव्हा त्याची कमाई बेताची होती. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. मधली सहा वर्षं तो लोकांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात जिवंत राहिला होता. 2018 चाच हिंदी सिनेमा ‘स्त्री’ आपल्या मध्य प्रदेशातल्या चंदेरीत घडतो, पण भिंतीवर ‘उद्या ये’ लिहून भुताला परतवायची त्यातली युक्ती कर्नाटकातल्या ‘नाळे बा’ या दंतकथेतून आलेली आहे. भूत कुठलं, ते इथे कसं आलं, वाटेत त्याचं काय बदललं, हे लिहिणारी व्यक्ती तीन भाषांत वावरणारी असावी लागते.

पैशाचं स्पष्ट सांगते, कारण वडिलांचा राग मला त्याचाच वाटतो, आणि तो गैर नाही. फक्त परीक्षणं लिहून घर चालवणारी माणसं देशात मोजकी आहेत. वर्तमानपत्रातल्या जागा कमी झाल्या आहेत, नव्या मुलांना मानधन थोडं मिळतं आणि तेही उशिरा. पण ज्या नजरेनं परीक्षण लिहितात, तीच नजर लागणारी दुसरी कामं आहेत. निर्मितिसंस्था आलेल्या पटकथा वाचून अभिप्राय देणारे वाचक नेमतात. प्रकाशकांना हस्तलिखितं वाचणारी माणसं लागतात. मालिकांची उपशीर्षकं, अनुवाद, श्राव्य पुस्तकांचं संपादन यांत मराठी-हिंदी दोन्ही नीट येणाऱ्याला काम मिळतं. मी माहितीतल्या ज्या मुलांना या क्षेत्रात टिकलेलं पाहिलं आहे, ती सगळी अशी दोनतीन कामं सांभाळून आहेत.

म्हणून बी.कॉम. पुरं करायचंच, यात वाटाघाट नको. हिशेब येणाऱ्या मुलीला कुणी सहज फसवत नाही. पुढे देवी अहिल्या विद्यापीठात पत्रकारितेची अध्ययनशाला आहे, भोपाळला माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ आहे, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पदवीनंतर पटकथालेखन आहे आणि चित्रपट रसास्वादाचे छोटे अभ्यासक्रमही असतात. प्रवेशाच्या तारखा आणि फी तिनंच शोधून तुमच्यासमोर मांडावी. पीएससीचा फॉर्म वडिलांना भरायचा असेल तर भरू दे. कोचिंगचं मात्र एक वर्ष थांबवा, ही माझी विनंती त्यांना वाचून दाखवा.

दोन गोष्टी तिनं आत्ताच शिकून घ्याव्यात, पुढे महाग पडतात. माझ्याकडच्या एका मुलाला एका प्रसिद्धी संस्थेनं सिनेमा दाखवायच्या आधीच चार तारे मागितले होते, वर पैसे देऊ केले होते. त्यानं नकार दिला आणि पुढचे सहा महिने त्याला आमंत्रण आलं नाही. नकार बरोबरच होता. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन समाजमाध्यमांवर लिहिलं, तर तसं तिथेच सांगावं लागतं. जाहिरात मानक परिषदेची 2021 पासून तशी नियमावली आहे.

दुसरी गोष्ट खऱ्या गुन्ह्यांवरच्या मालिकांची, आणि ती मला जास्त जवळची आहे. तिच्या यादीत अशा चार आहेत. तिथे मेलेली बाई खरी असते, तिची आई कुठेतरी अजून हयात असते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, आणि पीडित अल्पवयीन असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदाही लागतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, अशा मालिकेवर लिहिताना ‘थरारक’ हा शब्द वापरण्याआधी तिनं थांबावं. मालिकेनं मेलेल्या माणसाला किती वेळ दिला आणि मारणाऱ्याला किती, हे घड्याळ लावून मोजावं. ते आकडे लेखात दिले तर विशेषणांची गरज राहणार नाही.

या वर्षात तिनं बारा लेख पुरे करायचे. महिन्याला एक, पाचशे शब्दांच्या आत, सहा पुस्तकांवर आणि सहा पडद्यावरच्या कथांवर. इंदुरात मराठी नाटकं आणणाऱ्या ‘सानंद’ संस्थेच्या नाटकांत एखादं रहस्यनाट्य आलं तर त्यावरही. ‘धनंजय’, ‘नवल’सारखे दिवाळी अंक रहस्य-गूढकथांसाठीच ओळखले जातात, ते आणून बारकाईनं वाचायचे. हिंदीत लिहिलेले लेख इथल्या दैनिकांच्या पुरवण्यांकडे पाठवायचे. नकार आला तर तोही वहीत तारीख घालून लिहायचा. वर्षाअखेर किमान तीन लेख कुठेतरी छापून आलेले असावेत. नाही आले, तर आपण तिघी बसून पुन्हा विचार करू.

सुरुवात पाळण्याच्या लेखापासून. तो तिनं चारशे शब्दांत नव्यानं लिहावा आणि आधी तुम्हाला द्यावा. तुम्ही तो सिनेमा पाहिलेला नाही, त्यामुळे पहिली वाचक तुम्हीच योग्य. वाचून तुम्हाला शेवट कळला, तर लेख परत द्या. शेवट कळला नाही आणि तरी संध्याकाळी दिवा लावताना तुम्हाला ती पाळण्याकडे न बघणारी आई आठवली, तर मला पाठवा.

तुमची,
करिअर समुपदेशक, इंदूर