साड्यांखालचा फोटो

"ताई, गुरूंकडे जाणं बंद केलं, म्हणून आमच्यावर हे आलं का?"

आषाढ लागला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. यंदा तो घेऊन आल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या पन्नाशीच्या एक बाई. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बाविसाव्या वर्षी त्यांनी अनुग्रह घेतला. पुढे गुरू गेले. मागच्या मंडळींनी गुरुपौर्णिमेच्या पाद्यपूजेला दर लावले. एका वर्षी रक्कम कमी पडली, तर चारचौघांत बोलून दाखवलं. त्यानंतर बाई तिकडे फिरकल्या नाहीत. दोन वर्षांनी यजमानांची बायपास झाली. तेव्हापासून त्या रात्री दोन-दोनदा उठून देवघरातला दिवा बघायच्या. विझलेला दिसला की झोप संपलीच.

"गुरूंचा फोटो कुठे ठेवलाय?" मी विचारलं.

"कपाटात. साड्यांच्या खाली, पालथा." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला.

कोणाचे गुरू खरे, कोणाचे खोटे, हे मी ठरवत नाही. माझं काम भीतीशी. आम्ही एका कागदावर सालं मांडली. यजमानांची साखर 14 वर्षांची, तंबाखू त्याहून जुनी, आणि गुरूंकडे जाणं थांबलं ते परवा-परवा. आजाराचं कारण डॉक्टरांनाच विचारा, म्हटलं. रक्तवाहिन्या अशा तुंबायला वर्षानुवर्षं लागतात, असं त्यांनीही सांगितलं. पुढच्या भेटीत बाई तो कागद बराच वेळ बघत बसल्या.

पण तेवढ्यानं भागलं नाही. भीतीच्या खाली दुःख होतं. ज्यांच्यावर जीव होता, त्यांच्या नावानं कुणी हिशोब मागितला होता. "महाराजांनी तुम्हाला काय शिकवलं?" म्हटल्यावर त्या पटकन म्हणाल्या, "दारी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय पाठवू नका. अजून कुरियरवाल्यालाही विचारते मी." सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं त्या हे पाळत होत्या. गुरूंचा याहून मोठा मान मला तरी ठाऊक नाही, आणि हे मी त्यांना तसंच सांगितलं.

घर दत्तभक्तांचं, म्हणून भागवताच्या 11व्या स्कंधातला, दत्तच मानला जाणारा अवधूत आठवला. यदुराजाला तो आपले 24 गुरू सांगतो. त्यात पृथ्वी आहे, वारा आहे, अजगर आहे, पिंगला वेश्यासुद्धा आहे. एका दाराचा धाक कुठेच नाही. समर्थांनीही दासबोधाच्या पाचव्या दशकात नुसत्या करामती दाखवणाऱ्याला सद्गुरू मानलेलं नाही. आणि नर्मदाकाठचं नारेश्वर तर आपल्याला बडोदेकरांना जवळच. तिथल्या दत्तभक्त रंगावधूत महाराजांनी 'परस्परदेवो भव', म्हणजे एकमेकांत देव पाहा, असं सांगितलं. माणसाला चारचौघांत खाली मान घालायला लावणाऱ्या दारात पुन्हा न जाणं, याला मी गुरुद्रोह म्हणणार नाही.

गुरुपौर्णिमेनंतर बाई आल्या. फोटो बाहेर काढलाय, स्वयंपाकघरात माठाच्या वरच्या फळीवर ठेवलाय, म्हणाल्या. "देवघरात ठेवायचा अजून धीर होत नाही. आणि रात्री एकदा उठतेच."

"उठा की," मी म्हटलं. "पुढच्या बुधवारी या."