वाचकांचे प्रश्न : म्हाताऱ्या माणसांचा मंत्री कोण?

प्रश्न : माझा पुतण्या ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे एका वृद्धाश्रमात शुश्रूषेचे काम करतो. तिकडे केवळ वृद्धांच्या देखभालीसाठी एक वेगळा केंद्रीय मंत्री असतो, असे त्याने फोनवर सांगितले. ही गोष्ट मी गावच्या पारावर सांगितली, तेव्हा बसलेल्या सर्वांनी एकच विचारले, की मग आपला मंत्री कोण? हे पद तिकडे कसे निर्माण झाले आणि आपल्याकडे ते का नाही, हे कृपया सविस्तर सांगावे.
— एक निवृत्त शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आपल्या पुतण्याने सांगितले ते खरे आहे. मात्र ते पद तिकडेही फार जुने नाही, आणि एकदा निर्माण झाल्यावर ते कायम टिकले असेही नाही.

त्या देशात आधी पैसा आला आणि मंत्री मागाहून आला. १९०१ साली अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेने वृद्धांना निवृत्तिवेतन देण्याचा अधिकार केंद्राला दिला, १९०८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून पैसे मिळू लागले. वृद्धाश्रम मात्र चर्च आणि धर्मादाय संस्थाच चालवीत होत्या. १९५४ मध्ये पंतप्रधान मेन्झिस यांच्या सरकारने कायदा करून अशा संस्थांना इमारतीसाठी पौंडास पौंड, म्हणजे संस्थेच्या प्रत्येक पौंडामागे सरकारचा एक पौंड, असे अनुदान देण्यास सुरुवात केली आणि १९६३ पासून शुश्रूषागृहातील प्रत्येक रुग्णामागे रोज एक पौंड देऊ केला. सरकारी तिजोरीतून एवढी रक्कम जाऊ लागल्यावर ती कोठे जाते आणि तिच्या मोबदल्यात वृद्धांना काय मिळते, हे विचारणे आलेच. तरीही ‘वृद्धांची देखभाल’ हे शब्द मंत्र्याच्या पदनामात यायला १९८८ साल उजाडले. त्या वर्षी पंतप्रधान हॉक यांच्या सरकारात पीटर स्टेपल्स यांच्याकडे गृहनिर्माण आणि वृद्धांची देखभाल ही दोन खाती एकत्र देण्यात आली. १९९७ मध्ये या क्षेत्राचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९९८ मध्ये ब्रॉनविन बिशप या केवळ वृद्धांच्या देखभालीच्या मंत्री झाल्या.

त्यांच्याच कारकिर्दीत, २००० साली, मेलबर्नमधील एका शुश्रूषागृहात खरजेवर उपाय म्हणून ५७ वृद्धांना रॉकेल मिसळलेल्या पाण्याने आंघोळ घातल्याचे उघडकीस आले. संसदेत गदारोळ झाला, मंत्र्यांना दिवसेंदिवस उत्तरे द्यावी लागली आणि ते शुश्रूषागृह बंद करून तेथील वृद्धांना दुसरीकडे हलविण्यात आले. वेगळा मंत्री असूनही त्या वृद्धांचे हाल टळले नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु उत्तर कोणी द्यायचे, हे संसदेलाही आणि वर्तमानपत्रांनाही त्या दिवशी ठाऊक होते, आणि माझ्या मते या पदाचे खरे मोल तेवढेच आहे.

२००१ नंतर पदनाम बदलून ‘वृद्धत्व मंत्री’ असे झाले. २०१३ मध्ये पंतप्रधान ॲबट यांनी सरकार बनविले, तेव्हा हा शब्द मंत्र्यांच्या यादीतून पुसला गेला आणि विषय समाजसेवा खात्यात गेला. २०१५ मध्ये आरोग्यमंत्री सुझन ली यांच्या पदनामात ‘वृद्धांची देखभाल’ हे शब्द परत आले. पुढे वृद्धाश्रमांतील हेळसांडीच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०१८ मध्ये त्या देशातील सर्वोच्च दर्जाचा चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाने २०१९ मधील अंतरिम अहवालाला ‘दुर्लक्ष’ अशा अर्थाचे एकाच शब्दाचे शीर्षक दिले आणि २०२१ च्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी केल्या. त्यांतूनच जुलै २०२३ पासून वृद्धाश्रमात चोवीस तास परिचारिका असणे बंधनकारक झाले आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून वृद्धांच्या हक्कांवर आधारलेला नवा कायदा लागू झाला.

आता आपल्याकडे पाहू. केंद्रात १९६४ मध्ये सामाजिक सुरक्षा विभाग निघाला, १९६६ मध्ये तो समाजकल्याण विभाग झाला, १९८५ च्या सुमारास त्यातून कल्याण खाते वेगळे झाले आणि १९९८ मध्ये त्याला सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालय हे नाव मिळाले. अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग आणि व्यसनमुक्ती या विषयांबरोबर ज्येष्ठ नागरिक हाही त्या मंत्रालयाचा एक विषय आहे. मनेका गांधी यांच्याकडे हे खाते असताना १९९९ मध्ये वृद्धांसाठीचे पहिले राष्ट्रीय धोरण आले, आणि मीरा कुमार मंत्री असताना २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा झाला. म्हणजे पारावरील प्रश्नाचे कागदोपत्री उत्तर हे, की केंद्रात आणि राज्यातही सामाजिक न्याय मंत्री हेच आपले मंत्री होत.

व्यवहारात मात्र ही जबाबदारी वाटली गेली आहे. १९९५ मध्ये सुरू झालेले केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन ग्रामविकास मंत्रालयाकडे आहे. सुरुवातीला महिना ७५ रुपये असलेला केंद्राचा वाटा २००६ मध्ये २०० रुपये झाला आणि ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी तो आजही तेवढाच आहे. राज्याने आपली भर घातल्यामुळेच श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आरोग्य मंत्रालयाचा, तर एसटीतील सवलत परिवहन खात्याची. दोनशे रुपयांचा आकडा इतकी वर्षे जागचा हलला नाही, याचे एक कारण मला हेच वाटते, की तो आकडा ज्याच्या नावावर मांडून जाब विचारता येईल असा एकही मंत्री नाही.

गेल्या उन्हाळ्यात विदर्भातील एका तहसील कचेरीच्या पडवीत मी एका आजींना पाहिले. उभा जन्म कापूस वेचण्यात गेल्यामुळे त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या, आणि आधारच्या यंत्रावर अंगठा काही केल्या उमटत नव्हता. त्या पदराने अंगठा पुसत आणि पुन्हा काचेवर ठेवीत. चौथ्या वेळी त्यांना दुसऱ्या गावच्या केंद्रावर जाऊन आधार नवे करून आणण्यास सांगण्यात आले. श्रावणबाळचा पगार त्याशिवाय खात्यात येणार नव्हता. ही तक्रार बँकेची, आधारची, महसुलाची की सामाजिक न्यायाची, हे त्या पडवीतील कोणालाही सांगता आले नाही.

वेगळा मंत्री का नाही, याचे उत्तर मला आपल्या कायद्याच्या घडणीत दिसते. राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये वार्धक्यात साहाय्य देण्याचे तत्त्व आहे, परंतु ते आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहून पाळायचे आहे आणि न्यायालयातून अमलात आणता येत नाही. २००७ च्या कायद्याने सांभाळण्याची जबाबदारी प्रथम मुलांवर टाकली. प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम राज्य सरकार उभारू ‘शकेल’, असे त्यात म्हटले आहे. उभारलेच पाहिजे, असे म्हटलेले नाही. ज्या देशात सरकार स्वतः वृद्धाश्रमाचा खर्च उचलते, तेथे हिशेब देणारा मंत्री लागतो. आपण हे काम घरावर सोपविले, म्हणून आपल्याकडे घरातील तंटा ऐकणारा अधिकारी नेमला गेला. परंतु मुले पुण्या-मुंबईकडे गेलेल्या आणि दोन म्हातारी माणसेच मागे उरलेल्या घरांची संख्या आपल्या गावांत वाढत असताना ही घडण पुरेशी नाही, आणि निदान राज्यात तरी या विषयाचा एक नावानिशी जबाबदार मंत्री असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझ्या आईने तिच्या नावचे तीन एकर शेत भावाला बक्षीसपत्र करून दिले. फेरफार झाल्यापासून तो तिला विचारीत नाही. दाद कोठे मागावी?
— एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : घरातील तंटा ऐकणारा म्हणून वर उल्लेखिलेला अधिकारी तो म्हणजे उपविभागीय अधिकारी. आपल्या आईंनी त्यांच्याकडे, म्हणजे २००७ च्या कायद्याखालील न्यायाधिकरणाकडे, साध्या कागदावर अर्ज करावा. वकिलाची गरज नाही. चरितार्थाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत लागावा अशी तरतूद असून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरविता येते. निकाल विरुद्ध गेल्यास ६० दिवसांत जिल्हा पातळीवर अपील करता येते. शेत परत मिळविण्यासाठी त्याच कायद्यात कलम २३ आहे, परंतु तेथे बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट होती काय, हे प्रथम पाहिले जाते. तशी अट किंवा त्याच सुमारास भावाने लिहून दिलेला एखादा कागद असेल, तर त्याची प्रत अर्जासोबत अवश्य जोडावी. अर्ज कसा लिहावा हे समजत नसल्यास १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या मदतवाहिनीवर विनामूल्य विचारता येते.